शेजार सोडून मला नेलंत

मी सृष्टीच्या आजारपणाची फाईल बोलतेय. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. आज मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म पौडजवळच्या चांदे गावातला. शुभांगीच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या अमोघनं मला बनवलं. शुभांगीच्या लेकीच्या, सृष्टीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. तिचं वजन, औषधं, तपासण्या सगळं माझ्यात एकमेकांना जोडलेलं. पण हृदयाच्या सोनोग्राफीची चित्रं माझ्या पोटात नाहीत. ती शेजारच्या फोल्डरात राहतात. मी फक्त पत्ता सांगते, तोही गावात सांगतात तसा, की इथून शेजारचं दार. अमोघनं मुद्दाम तसं केलं. त्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता घातला असता तर तो परक्या ठिकाणी कुणाला सापडला असता? शेजार बरोबर असला की मी कुठंही उघडते.

"कैलासदादा, चित्रांचं फोल्डरपण घ्या," पुण्याच्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी अमोघनं सृष्टीच्या बापाला बजावलं.

"व्हय व्हय. आख्ख्या गावाला लग्नपत्रिका मीच पाठवली की मोबाईलवर!"

कैलासनं मला अमोघच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघितलं. सगळं दिसलं. दिसणारच, शेजार तिथंच होता! मग एकटीला मला पेनड्राइव्हमध्ये टाकलं.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला उघडलं. चित्रांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. मी शेजारी बघितलं, शेजारी कुणीच नव्हतं.

"घरी दिसत व्हती की ओ!" शुभांगी रडवेली झाली. अमोघ कामावर, घरचा कॉम्प्युटर बंद.

"मग सोनोग्राफी परत करावी लागेल. बाळाला झोपेचं औषध द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

मागच्या वेळी त्याच औषधानं पोर चिंधीसारखी पडली होती. त्या दिवशी पुन्हा आई तिच्या नाकाशी बोट धरून बसली.

आणि कैलास काय म्हणाला? "फाईलच खराब निघाली." खराब मी? सांगितलेलं ऐकायचं नाही, वर दोष मला!

चित्रं आली ती मागच्यासारखीच. जुनी असती तरी भागलं असतं.

संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले, तेव्हा शुभांगीला तोंड फुटलं. "पोरीला बाहेर काढायचं म्हणलं की दुपटं, बाटली, टोपडं समदं मी घेते. तुमाला एक फोल्डर घेता आलं न्हाई?"

कैलासनं खिशातला पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात ठेवला.

आता पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्ये असतो. मी आहे, माझा शेजारही आहे. पुण्याला निघण्याआधी पौडला दुकानातल्या परक्या कॉम्प्युटरवर ती मला उघडून बघते, चित्रं दिसल्याशिवाय एसटीत चढत नाही. तुम्हीही तसंच करा. नाहीतर मला हात लावू नका.