कुंपणाच्या आतलं गवत

वाटणीत टेकडीखालचं कुरण बहिणीला मिळालं आणि गोठा भावाला. भावाने त्याच दिवशी सुनावलं, "नाव तुझं लागलं तरी गाई माझ्याच चरणार."

"चरायला उरलंय काय, दादा? मुळापर्यंत खरवडून खाल्लंय. पहार मारली तर ठण्ण वाजते जमीन."

तिने तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप ठोकलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ती समोरून आली की तो मुद्दाम थुंकायचा, तीही मुद्दाम थांबून त्याच्याकडे रोखून बघायची.

सुरुवातीला कुरण तरारलं. पुढे मात्र गवत माजलं. कोणी खाईना, कोणी तुडवीना. जुनं गवत वाळून आडवं पडलं, राखाडी झालं आणि त्या थराखाली नव्या कोंबांना उजेड मिळेना. तिने थर उचकटून पाहिला. माती भुसभुशीत झाली होती खरी, पण कोंब पिवळे पडले होते. विळा घेऊन ती दिवसचे दिवस राबली, तरी जेमतेम एक कोपरा मोकळा झाला. जनावरांशिवाय हे काम होणारं नव्हतं, आणि एवढी जनावरं आसपास एकाकडेच होती.

दात-ओठ खात ती गोठ्यात गेली. भाऊ धार काढत होता.

"गाई पाठव. मी सांगेन तिथे, मी सांगेन तेवढाच वेळ."

त्याने मान वळवली नाही. "आली का अक्कल ठिकाणावर?"

"माझी होतीच. तुझी कधी येते ते बघतेय."

"पाठव म्हणे! विळा मोडला वाटतं बाईसाहेबांचा?"

वहिनीने चाऱ्याची रिकामी पाटी दाणकन खाली टाकली. "जनावरं उपाशी हंबरतायत आणि तुम्ही दोघं तोंडं वाजवा!"

गाई आल्या. बहिणीने दोरी बांधून कुरणाचे तुकडे पाडले. एक तुकडा चरून झाला की गाई पुढच्यात. त्यांनी थोडं खाल्लं, बाकीचं खुरांनी मातीत दाबलं, वर शेण पडलं. मागच्या तुकड्यात कोवळं हिरवं दिसू लागलं. ती भावाला त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.

मग पावसाने दिवसभर झोडपलं. तिने निरोप धाडला, जमीन ओली आहे, गाई बाहेर काढ. त्याने उलट सगळ्या गाई खालच्या तुकड्यात कोंडल्या आणि घरी जाऊन झोपला. सकाळी तिथे खुरांनी तुडवलेल्या चिखलाचा नुसता राडा होता. तिने काठी उचलली आणि अख्खा कळप त्याच्या अंगणात नेऊन घातला.

"सुडापायी नासवलीस माझी जमीन!"

"हो, सुडापायीच. काय करशील?"

ऊन पडल्यावर तो तुकडा विटेसारखा कडक झाला. पाणी मुरेना, काटेरी तणाखेरीज तिथे काही उगवेना. बाकीच्या कुरणात मात्र गवत दाट आलं, आणि ते भावालाही दिसत होतं. गोठ्यात चारा नव्हता. पुढच्या हंगामात तो न बोलावता गाई घेऊन फाटकाशी आला.

तिने कुलूप काढलं, पण काठी हातातच ठेवली. दिवसभर ती दोरीपाशी उभी, तो तिच्याकडे पाठ करून बसलेला. दोघंही बोलली ती जनावरांशीच.

"सरक पुढे! दुसऱ्याची जमीन नासवायची सवय लागलीय मेली," ती एका गाईवर खेकसली.

भाऊ ताडकन उठला. "गाईला बोलतेस की मला?"

"ज्याला लागलं त्याला."