काबरीचं अंडं

कोंडाबाईला नांदेडच्या दवाखान्यात नेऊन बारा दिवस झाले होते. तिच्याजवळ लेक उज्वला, अन् इकडं बिलोलीजवळच्या घरात नवरा भीमा एकटा, पाच कोंबड्यांसंगट. ह्या बाबानं जन्मात कधी कोंबडीला दाणा टाकला नव्हता. कोंडाबाई चार ठिकाणी टाकायची. ह्यानं ओंजळभर ज्वारी एका जागी ओतली अन् तोंड फिरवलं. मग काय, जुंपली! म्हातारी काबरी बाकीच्यांच्या तावडीत सापडली. शेपटीजवळचं मांस उघडं पडलं.

काबरी म्हणजे कोंडाबाईचा जीव. रोज संध्याकाळी फोन, अन् आधी एकच, "माझी काबरी कशी हाय?" पोटातल्या गाठीचं नंतर. गाठ कसली ते डॉक्टरनं भीमाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बायकोला तो म्हणाला होता, "साधी सूज हाय, पंधरा दिवसांत घरी." तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं होतं, ती येईल तेव्हा काबरी दारात पाहिजे. दुसरं तिला द्यायला त्याच्याजवळ होतं तरी काय!

त्यानं मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली. काबरी ओरडली की म्हणायचा, "झालं, झालं माय." मेडिकलातून लाल औषध आणून कापसानं लावलं अन् तिला डालग्याखाली झाकलं. दोन दिवसांत जखम सुकायला लागली. पण एकटी पडलेली काबरी दाण्याला शिवेना. भीमाला लई वाईट वाटलं. तिसऱ्या सकाळी त्यानं जखमेवर औषधाचा आणखी एक हात फिरवला अन् तिला बाकीच्यांत सोडलं. दाणे मात्र चार ठिकाणी टाकले. शिकला होता तेवढं! मग अंघोळीला गेला.

अंघोळ करून येतो तर चौघी काबरीवर तुटून पडलेल्या. हाकलल्या तेव्हा काबरीची मान लुळी पडली होती.

आवाज ऐकून शेजारची लक्ष्मीबाई आली. "लाल लावलं व्हय, दाजी? अवो, लाल दिसलं की कोंबड्या टोचतेतच. निळं लावायचं असतंय."

एका शब्दानं कोंडाबाईला विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे जखमेचं सांगायचं आलं. भीमानं काबरीला परसात लिंबाखाली पुरलं. दिवसभर त्याला भाकर गेली नाही.

संध्याकाळी फोन आला.

"कशी हाय काबरी?"

"मजेत! आज अंडं बी दिलं."



"अवो, दोन वर्सं झाली, काबरी अंडं देत न्हाई." मग हळूच म्हणाली, "गेली का?"

"हाव."

"अन् माझी सूज? ती बी अशीच का वो?"

फोन कानाला लावून भीमा लेकरासारखा रडायला लागला.

"उगी, उगी," कोंडाबाई म्हणाली. "उद्या या अन् मला घरी न्या. राहिलेल्या चौघी तरी तुमच्या हातून वाचू द्या."