चार ओहमच्या खाली नाही

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. पिंपळवंडीच्या एका मंगल कार्यालयात फडताळात पडून आहे खरा, पण ज्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं, त्या दिवशी मी नाही म्हणालो. त्याचा मला आजही अभिमान आहे.

१९९४ साली मंचरला लंकाबाईंनी मला घडवलं. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठं हायत?" त्या "मीच," म्हणायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. माझ्या पाठीवर त्यांनी पांढऱ्या रंगानं लिहिलं, 'चार ओहमच्या खाली नाही.' ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचं माप; तो चारपेक्षा कमी झाला तर मला झेपत नाही.

कार्यालयाचे मालक गेणभाऊ मला घेऊन आले. स्पीकरची एक जोडी सभागृहात लागली, एक दाराशी. चार वर्षं मी लग्नं आणि बारशी गाजवली. "लई गुणी मशिन हाय," असं गेणभाऊ पाहुण्यांना सांगायचे.

१९९८च्या मे महिन्यात त्यांच्या पुतणीचं, स्नेहलचं लग्न होतं. गेणभाऊंनी हौसेनं आणखी दोन जोड्या आणल्या, जेवणाच्या मांडवात आणि स्वयंपाकघरामागे लावल्या. नव्या तारा स्वतःच जुन्या तारांना पिळून टाकल्या. प्रत्येक स्पीकर आठ ओहमचा. माझ्या डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला चार. असे शेजारी शेजारी जोडले की ओहम घटतात आणि माझ्यावरचा भार वाढतो. माझ्या वाट्याला दोनच ओहम उरले. सनई लागली तसा मी तापलो आणि माझा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

गेणभाऊंनी मला दोन थापडा मारल्या. लंकाबाई लग्नाला आल्याच होत्या, त्यांना पुढं बोलावलं.

"लंकाबाई, तुमच्या डब्यानं माझी अब्रू घालवली. फ्यूजच्या जागी जाड तार घाला, म्हंजी उडायचा न्हाई."

"फ्यूज उडायचा न्हाई, पण मशिन पेटंल. वर कापडाचं छत हाय, खाली माणसं हायत. मी तार घालणार न्हाई."

"मग मी घालतो."

लंकाबाईंनी माझा प्लग काढला, वायर हाताला गुंडाळली आणि मला पाठीशी घालून उभ्या राहिल्या. सगळं वऱ्हाड बघत होतं. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली स्नेहल खोलीतून बाहेर आली.

"काका, माईक न्हाई म्हणून माझं लग्न अडत न्हाई. त्यांना त्यांचं काम करू द्या."

मंगलाष्टकं भटजींनी नुसत्या गळ्यानं म्हटली. मागच्या लोकांनी पुढच्यांचं बघून अक्षता टाकल्या.

तिकडं लंकाबाईंनी सगळ्या तारा सोडवल्या. गेणभाऊ रुसून जवळच बसले होते.

"जितके स्पीकर, तितका आवाज न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"विहिरीवरच्या मोटरीचे सगळे व्हॉल एकदम उघडले तर काय व्हतं?"

"मोटरीवर लोड येतो. जळंल ती."

"मग ह्याचं बी तसंच हाय."

लंकाबाईंनी एका स्पीकरचं लाल टोक पुढच्याच्या काळ्या टोकाला जोडलं. दोघांचे मिळून सोळा ओहम झाले. असे दोन जोड शेजारी शेजारी लावले, तेव्हा सोळाचे निम्मे होऊन प्रत्येक बाजूला आठ ओहम भरले. उघडी टोकं टेपनं झाकली, नवा फ्यूज घातला आणि मगच प्लग लावला.

मी बोललो. आवाज थोडा मऊ होता, पण चारही ठिकाणी पोहोचला. स्नेहलनं घास भरवताना माईकवर नवऱ्याचं नाव घेतलं, ते मागं भाकऱ्या थापणाऱ्या बायकांनीसुद्धा ऐकलं. त्या हात पुसत दारात येऊन हसल्या. मी अजिबात तापलो नाही.

२००७ साली नवी सिस्टीम आली आणि मी फडताळात गेलो. ती बसवताना कारागीर म्हणाला, "फ्यूज सारखा जातोय, तार टाकू का?"

थकलेले गेणभाऊ खुर्चीतून उठले. "तार टाकायची असंल तर आत्ताच घरी जा, भाऊ," ते म्हणाले. ते ऐकलं आणि माझा थापडांचा राग निवला.

मित्रांनो, यंत्र गप्प होतं तेव्हा ते नेहमी बिघडलेलं नसतं. कधी ते तुम्हाला वाचवत असतं. उद्या मला बाहेर काढून दोन ओहमवर लावलंत, तर मी पुन्हा गप्प बसेन. मला मारू नका. प्लग काढा आणि आधी तारा बघा.