आमचा अरब

अर्ज मीच लिहिला. दोष वाटून घ्यायला सगळं गाव तयार आहे, पण अक्षर माझं होतं.

सोनपेठपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात सालम बिन उमर नावाचा माणूस राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. मोठी माणसं त्याला अरब म्हणायची, आम्ही अरबमामा. त्याचा आजा जहाजातून आला आणि निजामाच्या चाकरीला राहिला. बाप राणीसावरगावात जन्मला. आई सकीनाबी ही मानवतच्या पिंजाऱ्याची लेक. नमाजापुरती सोडली तर मामाला अरबी येत नव्हती. शिव्या मात्र तो मराठीत द्यायचा, आणि त्या आमच्या आप्पाराव पाटलांपेक्षा सरस असायच्या.

कमरेला जंबिया खोचून तो वरातीच्या गाड्यांपुढं चालायचा. अरब पुढं असला की अंगभर दागिने घातलेली नवरी गाडीत खुशाल झोपायची. ‘अरब ठेवलाय’ म्हटलं की सोयरे समजून जायचे, घर भरवशाचं आहे. खरं सांगायचं तर आमच्याकडं अरब हा शब्द जातीचा नव्हताच, इमानाचा होता. माझ्या थोरल्या बहिणीला सासरी त्यानंच पोचवलं आणि परत येऊन आईजवळ बसून तिच्याइतकाच रडला.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हैदराबाद हिंदुस्थानात आलं. मी आनंदानं नाचलो, ते लपवत नाही. रझाकारांनी शेजारच्या गावात घरं जाळली होती आणि त्या दिवसांत अरबमामा आमच्या वेशीत राखणीला बसून होता. पण सोनपेठच्या बाजारात त्याचं कुणाला काय? तिथं अरब म्हणजे निजामाचा माणूस, म्हणून तो शब्द आधी दबक्या आवाजात आला, मग शिवीसारखा आला. दुकानदार ओळखीचे होते, तरी मामाला पाहून फळीवरचं सामान आवरायला लागले. आम्हा गावकऱ्यांना त्याचा राग यायचा. आम्ही हट्टानं, मोठ्यानं ‘आमचा अरब’ म्हणायचो. शब्द बाटलाय हे आमच्या डोक्यात शिरलंच नाही.

पुढच्या वर्षी हुकूम निघाला की परमुलखातले अरब आणि रोहिले परत पाठवायचे. एके दुपारी जीप आली. मामानं जंबिया स्वतःच काढून दिला आणि जीपमध्ये जाऊन बसला. त्याला परभणीच्या छावणीत ठेवलंय, एवढंच कळलं.

मग त्याच्या सुटकेचा अर्ज करायला पारावर गाव जमलं. मी उर्दू शाळेत शिकलेला, पण मराठी अक्षर वळणदार, आणि आता कारभार मराठीत चालणार म्हणून अंगात वारं शिरलेलं. मी सुरुवात केली, ‘सालम बिन उमर, राहणार मौजे...’ आप्पारावांनी मला थांबवलं.

“सालमला कोण वळखतंय? अरब लिव. म्हंजी सायबाला कळंल मानूस कसा हाय ते.”

मला ते पटलं. नव्हे, आवडलं. मी झोकात लिहिलं, ‘हा अरब आमच्या गावाची शान आहे. त्याच्यासारखा अस्सल अरब पंचक्रोशीत नाही. त्याचा बाप व आजाही अस्सल अरब होते.’ खाली गावातल्या झाडून सगळ्या कर्त्या पुरुषांचे अंगठे घेतले. आप्पारावांनी तर दोन वेळा वाचून घेतलं आणि मला शाबासकी दिली.

बैलगाडीनं मानवतचं ठेसण गाठलं आणि तिथून रेल्वेनं परभणीला गेलो. छावणीतला अधिकारी तरुण होता, वागायला बरा होता. मला बसायला खुर्ची दिली. अर्ज वाचता वाचता त्यानं तांबडी पेन्सिल घेतली आणि एक शब्द जिथं जिथं आला तिथं तिथं त्याखाली रेघ ओढली.

“दोन दिवस आम्ही ह्याचा निकाल लावू शकत नव्हतो,” तो म्हणाला. “मराठी बोलतो, इथलाच आहे म्हणतो. आता गावानंच लिहून दिलंय.”

मी सांगत सुटलो की आमच्याकडं अरब म्हणजे राखणदार, अरब म्हणजे भरवशाचा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“असेल. पण आता त्याचा अर्थ तो राहिला नाही,” तो म्हणाला. “जन्म इथला, इथली नाती, हे ह्यात कुठं आहे?”

आई आहे त्याची, मी म्हणालो. तसं लिहून आणतो म्हणालो. पण त्यानं मामाचं नाव जहाजाच्या यादीत चढवलं होतं आणि मुंबईची गाडी तासाभरात सुटणार होती.

मामाला पाच मिनिटं भेटू दिलं. कुणीतरी त्याच्याशी अरबीत बोलून पाहिलं होतं आणि त्याला ओ की ठो कळलं नव्हतं, ते तो हसत सांगत होता. तेवढ्या वेळात तिथल्या कारकुनानं त्याला अर्ज वाचून दाखवला होता.

“तू लिवलास का रं, बन्सी?” त्यानं विचारलं. “लय चांगलं लिवलाईस. एवढं चांगलं माज्याबद्दल कुनी बोललं न्हवतं.”

त्याला काही कळलं नव्हतं, की सगळं कळून तो मला दोषातून सोडवत होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं आईकडं बघ म्हणून सांगितलं.

गावात परतलो आणि आधी सकीनाबीकडं गेलो. खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तिच्यासमोर बसल्यावर जमलं नाही. जहाजाचं सांगितलं. अर्जाचं सांगितलं, शब्दन् शब्द. ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, जणू माझं अजून काहीतरी वाचून दाखवायचं राहिलंय.

“समदं लिवलास,” ती म्हणाली. “त्यो सकीनाचा ल्योक हाय, येवडं कसं न्हाई लिवलास?”