डावीकडे न वळणारी सहाचाकी

मी एक जुनी सहाचाकी गाडी आहे, आणि पहिल्याच ओळीत सांगून टाकते: मी भंगार नाही. भंगारवाल्याचा टेम्पो मला न्यायला फाटकाशी येऊन उभा राहिला होता, तेव्हाही मी भंगार नव्हते. तुमचा विश्वास बसत नसेल, तर पुढचं वाचा आणि मग ठरवा.

मित्रांनो, आधी माझी रचना समजून घ्या. माझं अंग जाड प्लास्टिकचं आहे, एखाद्या मोठ्या टबासारखं. डाव्या बाजूला तीन आणि उजव्या बाजूला तीन अशी फुगीर, मऊ चाकं आहेत. मी रस्त्यावर चालते, चिखलात चालते आणि पाण्यात गेले की तरंगते. तेव्हा हीच चाकं वल्ह्यांचं काम करतात. मला स्टिअरिंगचं चाक नाही. माझी चाकं तिरकी होतच नाहीत. त्याऐवजी चालवणाऱ्यासमोर दोन दांडे आहेत. डावा दांडा ओढला की डावीकडची तिन्ही चाकं थांबतात, उजवीकडची फिरत राहतात आणि मी डावीकडे वळते. उजवा ओढला की उजवीकडे. होडीत एकाच बाजूचं वल्हं मारल्यावर होडी वळते, तसंच. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मोठमोठी माणसं हे विसरली.

माझा जन्म तळ्यांच्या एका थंड देशात झाला. तिथून मला वज्रेश्वरीजवळच्या एका रिसॉर्टने मागवलं. चार वर्षं मी मुलांना नदीतून फिरवलं. पाण्यात शिरताना ती किंचाळायची आणि बाहेर आल्यावर ‘अजून एकदा’ म्हणायची. मग रिसॉर्ट बंद पडलं आणि भिवंडीजवळच्या वळ गावच्या केसरीनाथशेठनी मला विकत घेतलं, तेही त्यांचा पुतण्या प्रितम याच्या हळदीसाठी! नवरदेव घोड्यावर आलेला लोकांनी पाहिला होता, जेसीबीवर आलेलाही पाहिला होता. सहा चाकांच्या होडीतून आलेला कोणी पाहिला नव्हता. त्या दिवशी माझ्यावर झेंडूच्या एवढ्या माळा होत्या की दांडे सापडेनात. प्रितमनेच माझं नाव ‘बेडकी’ ठेवलं.

हळद झाली आणि मला शेठच्या गोदामाच्या मागे नेऊन उभं केलं. तीन वर्षं मी तिथेच होते. कोंबड्या माझ्यात अंडी घालत. माझं रडगाणं मी गाणार नाही. अंडी उबवणं हेही काम आहे.

मग गुलाम हुसेन आले. एके काळी धामणकर नाक्याजवळ त्यांचे चोवीस यंत्रमाग होते. तो धंदा बसला, माग किलोच्या भावाने भंगारात गेले आणि गुलाम हुसेन केसरीनाथशेठच्या गोदामात ट्रॉल्या आणि शटरं सांभाळायला लागले. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शुक्रवार हा त्यांचा तेलपाण्याचा दिवस. लूम गेले तरी त्यांचा हात शुक्रवारी स्वस्थ बसेना. तेलाची बुधली घेऊन ते माझ्याकडे वळले. त्यांनी माझा कार्बुरेटर साफ केला, प्लग बदलला, चेन रॉकेलमध्ये धुतल्या. एका शुक्रवारी माझं इंजिन धडधडलं, तेव्हा कोंबड्या उडून शटरवर बसल्या.

असा हा माणूस. मला त्यांनीच उठवलं आणि मला पांगळंही त्यांनीच केलं. कसं, ते सांगते.

गोदामाच्या मागे चिखलाची पट्टी, मग खाडीची एक नाळ, म्हणजे अरुंद फाटा, आणि नाळेपलीकडे बांध आहे. बांधाच्या आत पुतळाबाईंचं भाताचं शेत. आजूबाजूच्या सगळ्या शेतांची गोदामं झाली. पुतळाबाईंनी जमीन दिली नाही. त्यांच्या बांधाला लाकडी फळ्यांचं एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते शेतातलं जादा पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला खाडीचं खारं पाणी बाहेर अडवतं. भाद्रपदातल्या एका बुधवारी उघाडीच्या दोन फळ्या कुजून फुटल्या. रविवारी अमावस्येचं उधाण होतं. भातात दाणा भरत होता. उधाणाचं पाणी आत शिरलं तर भात तर जाईलच, शिवाय खारी झालेली जमीन पुढच्या वर्षीही पिकणार नाही.

नव्या फळ्या तयार होत्या; न्यायच्या कशा, हा प्रश्न होता. ट्रॅक्टर नाळेत बुडतो, होडी चिखलात रुतते, आणि भिजलेल्या जाड फळ्या खांद्यावर घेतल्या तर माणूस कमरेपर्यंत खाली जातो.

“पुतळे, किती येला सांगू?” केसरीनाथशेठ म्हणाले. पुतळाबाई त्यांच्या चुलतबहीण लागतात. “जमीन दे, गोदाम बांदू. गोदामाला खारा पानी बाधत न्हाय.”

“गोदामान काय पिकतं रं?” पुतळाबाई म्हणाल्या. “तुजी खोकी शिजवून खाऊ?” आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ती गारी दे मना.”

गुरुवारी ओहोटीला गुलाम हुसेन मला घेऊन निघाले. मागे फळ्या बांधल्या होत्या. चिखल मी सहज कापला. नाळ पोहून गेले. पलीकडे तिवरांचं बेट आहे, तिथे डावीकडे वळलं की समोर उघाडी. गुलाम हुसेननी डावा दांडा ओढला. मी सरळ गेले. त्यांनी पाय रोवून, दोन्ही हातांनी ओढला. मी सरळ तिवरांत घुसले. मग त्यांनी उजवीकडे गोल फिरून डावी दिशा गाठायचा प्रयत्न केला. दोन गोल झाले आणि तिसऱ्यात मी माझ्याच चाकोरीत रुतले.

आठ माणसांनी दोर लावून मला परत आणलं. प्रितम मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. “काका, बेडकीला डावा हातच न्हाय!”

मग प्रत्येकाने निदान केलं. एक म्हणाला चेन गेली. दुसरा म्हणाला गिअर गेला. तिसरा म्हणाला, हळदीत कोणाची तरी नजर लागली. उजवीकडे वळताना मी कर्रकन ओरडत होते, म्हणून माझी उजवी बाजू बाद झाली आहे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. माझं मत कोणी विचारलं नाही.

“शनिवारी भंगारवाला येतंय,” केसरीनाथशेठ म्हणाले. “हिला पन टाका त्यान.”

पुतळाबाई चिखलाने भरलेल्या पायांनी फळ्यांवर बसून राहिल्या.

शुक्रवारी सकाळी अफीफा आली. ती गुलाम हुसेन यांची मुलगी, नुकतीच फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. ती गोदामात मालाच्या नोंदी ठेवते.

“काका, भंगारवाला उद्या येणार ना? मग आजचा दिवस माझा.”

“तू डॉक्टर हायस का हिची?”

“डॉक्टरसुद्धा आधी विचारतो, कुठे दुखतंय. तुम्ही थेट पोस्टमॉर्टेमलाच पाठवताय.”

केसरीनाथशेठ हसले आणि हात हलवून निघून गेले. त्याचा अर्थ तिने ‘हो’ असा घेतला.

तिने मला विटांवर चढवायला लावलं. सहाही चाकं हवेत. प्रत्येक चाकावर खडूची एक रेघ ओढली. इंजिन हळू चालवून ती एकेका चाकाचे फेरे मोजत बसली. सहाही चाकांचे फेरे सारखेच भरले. “चेन ठीक, गिअर ठीक,” ती म्हणाली. “नाहीतर एक तरी चाक मागे राहिलं असतं.” मग इंजिन बंद केलं आणि उजवा दांडा ओढून दोरीने बांधला. उजवं चाक हाताने फिरवून पाहिलं. हललं नाही. मग डावा दांडा बांधला आणि डावं चाक हाताने फिरवलं. ते आरामात फिरलं.

“अब्बा, जी बाजू ओरडते ती थांबते. जी गप्प आहे ती थांबतच नाही. आपण चांगल्या बाजूला नावं ठेवत होतो.”

तिने माझं डावं झाकण उघडलं. आत एक गोल ड्रम आहे आणि त्याला आवळणारा पट्टा. पट्टा ओला होता. तिने बोट फिरवलं, वास घेतला.

“इथे तेल कोणी घातलं?”

गुलाम हुसेननी हातातली बुधली खाली ठेवली. “मीच. दर जुम्म्याला. वळताना कुरकुर करायची. म्हटलं, वळायचा सांधा आहे, तेल मागतोय.”

“हा सांधा नाही, अब्बा. हा ब्रेक आहे. ही गाडी ब्रेकनेच वळते.”

ते एका उपड्या क्रेटवर बसले. “लूमच्या ब्रेकवर तेलाचा थेंब पडला, तर बोटं तोडीन म्हणायचो पोरांना. तीस वर्षं म्हणत होतो.”

“मग आता?”

“आता माझी बोटं मोज.” ते हसले, पण डोळे हसले नाहीत. “उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो, हात पोचत नाही. नाहीतर तिलाही पाजलं असतं.”

मित्रांनो, मला त्यांचा राग आला का? आला. तेलाचा एकेक थेंब प्रेमानेच पडला होता, म्हणून काही तो कमी निसरडा होत नाही.

पट्ट्याच्या अस्तरात तेल पार मुरलं होतं, पुसून निघेना. माझे सुटे भाग या देशात मिळत नाहीत. गुलाम हुसेन उठले, घरी गेले आणि दुपारच्या नमाजनंतर एक डबा घेऊन आले. माग विकले तेव्हा त्यांनी हा डबा विकला नव्हता. त्यात लूमच्या ब्रेकला लावायच्या अस्तराची कोरी पट्टी होती. त्यांनी ती मापाने कापली, भोकं पाडली, पितळी रिबिटांनी पट्ट्यावर ठोकली. एकही घाव वाकडा पडला नाही. ड्रम पेट्रोलने तीनदा पुसला. संध्याकाळी मला विटांवरून उतरवून आवारात फिरवलं आणि डावा दांडा ओढला.

मी कर्रकन ओरडले आणि वळले.

गुलाम हुसेन यांचा हात सवयीने तेलाच्या बुधलीकडे गेला. अफीफाने नुसतं पाहिलं. हात मागे आला.

शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी लागला, त्याच वेळी आम्ही निघालो. या खेपेला पुतळाबाई स्वतः फळ्यांवर चढून बसल्या. “माजा भात हाय, मी येनार.” चिखल, मग नाळ, मग तिवरांचं बेट. डावा दांडा. माझी आरोळी गोदामापर्यंत ऐकू गेली, असं नंतर प्रितमनेच सांगितलं. उघाडी समोर आली. पुतळाबाईंनी उतरून पहिली फळी स्वतःच्या हाताने खाचेत बसवली, दुसरी गुलाम हुसेननी. भरती लागायच्या आत आम्ही परत आलो.

“सेठ, ये छे चक्केवाली देनी है ना?” भंगारवाल्याने विचारलं.

केसरीनाथशेठनी माझ्याकडे पाहिलं. “ते हलदीचे फुटके स्पीकर ने. हिला हात लावू नको.”

रविवारी उधाण आलं. पाणी तिसऱ्या फळीपर्यंत चढलं, तिथे थांबलं आणि उतरलं. पुतळाबाई तोवर बांधावर उभ्या होत्या. मग त्यांनी शेतातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. गोडं होतं.

आता माझ्या डाव्या झाकणावर गुलाम हुसेननी लाल रंगात लिहिलं आहे: ‘येथे तेल नको’. शुक्रवारी ते येतात, चेनला तेल देतात आणि झाकणावर फक्त फडका मारतात.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या, पण मला विचारून घ्या. कोणी एखाद्या वस्तूला खराब म्हटलं, तर नेमकं काय खराब आहे ते त्याच्याकडून खडूने खूण करून घ्या. करता आली नाही, तर ती वस्तू उचलू देऊ नका. आणि कधी वळला आलात, तर गोदामामागे माझा कर्कश आवाज तुम्हाला ऐकू येईल. कानांवर हात ठेवा, हवं तर हसा. पण तो बंद करायला येऊ नका. मी वळते आहे.