विसावी जोडणी

भैय्याजी सकाळी सातलाच बैलगाडी घेऊन हजर झाला. गाडीत तीन लांब बल्ल्या होत्या, वजन उचलायची साखळीची कुप्पी, म्हणजे कप्पी होती, आणि त्या सगळ्यावर भैय्याजी वरातीतल्या नवरदेवासारखा बसला होता. विहिरी खोदणं हा त्याचा धंदा. बल्ल्यांचं तिकाटणं उभं करायचं, त्याला कुप्पी टांगायची आणि खोल विहिरीतले दगड वर काढायचे, यातच त्याची हयात गेली होती.

"मोटारीची मुंडी उडवायची हाय म्हणे," तो फाटकातूनच ओरडला. "कुठं हाय बकरा?"

बकरा अंगणात उभा होता. गोपिकेच्या वडिलांचा, रुपरावांचा पिकप. लष्कराच्या लिलावात घेतलेला. बारा वर्षं त्यानं नागपूरहून उमरेडच्या विणकरांना सूत पोचवलं होतं आणि परतताना लुगड्यांचे गठ्ठे आणले होते. दिवाळीनंतर एक दिवस तो चालता चालता मधेच खचला. वेल्डिंगवाल्या श्रीधरनं खाली शिरून पाहिलं, तर उजव्या बाजूला, बरोबर केबिनच्या खाली, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला भेग. पट्टी लावून वेल्डिंग करायचं तर केबिन उचलायला हवी. केबिन उचलायची तर क्रेनवाला कारखाना हवा. आणि कारखान्यापर्यंत गाडी चालवत न्यावी, तर ती वाटेतच दोन तुकडे होऊन पडणार.

"भंगारात द्या, भाऊ," श्रीधर म्हणाला होता.

रुपराव तयार झाले. कन्हानचा भंगारवाला सोमवारी यायचं ठरलं. तेव्हा गोपिका म्हणाली, "घरीच उचलू, बाबा. मी करते."

फिजिक्स घेऊन ती बी.एस्सी. झाली त्याला सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत रेडिओची तार जोडण्यापलीकडे त्या शिक्षणाचं घरात कोणाला काम पडलं नव्हतं. हुडकेश्वरच्या त्या वस्तीत मात्र जो तो विचारी, पोरीला एवढं शिकवून काय केलं? रुपरावांनी तिला मुदत दिली.

"रविवारी दिवस बुडेपर्यंत," ते म्हणाले. "केबिन उतरली तर गाडी राहीन. नाई उतरली तर सोमवारी जाईन."

गोपिकेनं कॉलेजातली हिरव्या पुठ्ठ्याची प्रॅक्टिकलची वही काढली. तिची अर्धी पानं कोरी होती. केबिन जिथं जिथं उरलेल्या गाडीला धरून असते, त्या प्रत्येक जोडणीला तिनं एक आकडा दिला. केबिनचे बोल्ट सहा. मग स्टीअरिंगचा दांडा, क्लच, ब्रेक, हँडब्रेकची तार, दिव्यांच्या वायरी, बॅटरीची पट्टी, असं करत यादी एकोणीसवर गेली. श्रीधरनं एकेक जोडणी सोडवायची, गोपिकेनं डोळ्यांनी पाहायची आणि मगच खूण करायची.

"मले काय शाळेत घातलं काय वं?" श्रीधर कुरकुरायचा. "वीस साल झाले मले या धंद्यात."

"म्हणूनच पाहून राहिली, दादा. नव्या माणसाले धाक असते. जुन्याले नसते."

शनिवारी संध्याकाळी एकोणीसही खुणा झाल्या. फक्त ड्रायव्हरची सीट रुपरावांनी कोणाला काढू दिली नव्हती. ती त्यांनी स्वतः काढली, तिच्या खालच्या पत्र्यावर पोतं पसरलं आणि त्यावर आपल्या पान्यांचा डबा ठेवला. "आणखी काही राहिलं का, बाबा?" तिनं विचारलं होतं. "काई नाई," म्हणून ते हात धुवायला निघून गेले.

आता अंगणात तिकाटणं उभं राहिलं. केबिनची दोन्ही दारं आधीच काढली होती. एका दाराच्या जागेतून दुसऱ्या दारापर्यंत, छताच्या खालून आरपार, सागवानाचा जाड वासा घातला; त्याच्या बाहेर आलेल्या टोकांना दोर बांधून ते वर कुप्पीला अडकवायचे होते. पत्रा चेपू नये म्हणून वाशाला गोधडी गुंडाळायची होती. गोपिकेची आई, प्रेमिलाबाई, आतून दोन गोधड्या घेऊन आल्या आणि त्यातली फाटकी कोणती हे बघण्यात त्यांनी पाच मिनिटं घालवली.

"मोटारीले थंडी वाजून राहिली वाटते," भैय्याजी म्हणाला.

"तुले वाजून राहिली असंन तर तुलेई देते," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

वाद झाला तो वासा नेमका कुठं ठेवायचा यावर. केबिन एकाच वाशावर लोंबकळणार, म्हणजे पुढचं आणि मागचं वजन त्या रेषेवर तोललं गेलं पाहिजे. श्रीधर म्हणाला, मधोमध. गोपिकेनं पत्रा, काच, डॅशबोर्ड यांच्या वजनाचा वेगवेगळा अंदाज बांधून गणित मांडलं होतं. तिनं छताच्या कडेला खडूनं रेघ मारली होती, मध्यापासून एक वीत पुढं.

"पुढं काच हाय, डॅशबोर्ड हाय. मागं नुसता पत्रा," ती म्हणाली. "तोल पुढंच येईन."

"आन नाई आला तर?"

"तर सोमवारी गाडी जाईन," तिनं सांगितलं, आणि खडूची रेघ पुन्हा एकदा ठळक केली.

वस्तीतले सात-आठ बाप्ये जमले होते. बाया कुंपणाशी उभ्या होत्या. भैय्याजीनं साखळीला हात घातला आणि कुप्पी करकरू लागली. दोर ताणले. वासा छताला टेकला. पत्रा एकदा जोरात कुरकुरला आणि केबिनचं नाक हललं.

"उठली!" कोणीतरी ओरडलं.

उठली खरी. पुढचा भाग बोटभर वर आला, मग चार बोटं. गोपिकेची नजर खडूच्या रेघेवरून हलत नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं तराजूच्या काट्याकडे किती तरी वेळा असंच श्वास धरून पाहिलं होतं. पण तिथल्या पारड्यात ग्रॅमची वजनं असायची. इथं बाबांची बारा वर्षं होती.

आणि मग केबिन तिरकी झाली. नाक वर गेलं, शेपूट खालीच राहिलं. भैय्याजीनं आणखी दोन हिसके दिले. नाक आणखी वर चढलं, बल्ल्या चरचरल्या, दोराला पीळ बसला.

"थांबवा!" श्रीधर ओरडला. "मी बोललो होतो का नाई? मधोमध, म्हटलं. वासा पुढं घेतला म्हणून मागचं वजन जास्त झालं."

"पुस्तकातली मोटार वेगळी असते बाप्पा," कुंपणाशी कोणी बाई म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

गोपिकेचे कान तापले. खरंच दिसत होतं तसंच. गणित चुकलं असतं, तर केबिन अशीच कलली असती. क्षणभर तिला वाटलं की खडूची ती रेघ जाऊन पुसून टाकावी. मग तिच्या लक्षात आलं, की केबिन मागं कललीय खरी, पण सरळ मागं नाही. मागचा डावा कोपरा थोडा सुटलाय. उजवा गच्च आहे. तोल पुढं-मागं चुकला असता तर दोन्ही कोपरे सारखेच बसले असते.

ती टेप घेऊन गुडघ्यावर बसली.

"आता काय मोजून राहिली?" भैय्याजी घामाघूम होऊन म्हणाला. "हात तुटून राहिला माहा!"

"दम धर गा, काका. एकच मिनिट."

काल संध्याकाळी तिनं चासीची जमिनीपासूनची उंची दोन्ही बाजूंना मोजून ठेवली होती. डावीकडची चासी आता एक सेंटिमीटर वर आली होती. तेवढी यायलाच हवी होती, वजन कमी झाल्यावर स्प्रिंगांचे पाटे उसासणारच. उजवीकडं तिनं टेप लावला. पुन्हा लावला.

चार सेंटिमीटर.

ती उभी राहिली. भीती कुठल्या कुठं गेली होती. तिच्या अंगात अशी काही हुशारी भरली, की तिला हसूच आलं.

"रेघ चुकली नाही!" ती म्हणाली. "केबिन चासीला घेऊन वर येऊन राहिली. उजव्या बाजूले काहीतरी अजून जोडलेलं हाय. विसावी जोडणी हाय कुठं तरी!"

"एकोणीसच्या एकोणीस मी सोडल्या," श्रीधर चिडून म्हणाला. "तूच खुणा केल्या ना?"

"मी खालून पाहते," म्हणत ती वाकली, आणि तिरक्या लोंबणाऱ्या केबिनखाली डोकं घालणार, तोच रुपराव ओरडले. एवढा मोठा आवाज त्यांचा कोणी ऐकला नव्हता.

"गोपे! मागं हो! भैय्याजी, आधी खाली घे ती!"

कुप्पी उलटी करकरली. केबिन जागेवर टेकली. रुपराव पुढं गेले, त्यांनी पान्यांचा डबा उचलला, पोतं बाजूला केलं आणि वर कोणाकडे न पाहता म्हणाले, "हे हाय."

सीटखालच्या पत्र्यावर घोड्याची नाल होती. मधोमध जाड बोल्ट ठोकलेली.

कुंपणाशी उभ्या बाया पुढं सरकल्या. छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून रुपरावांच्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची लागली नव्हती. बोनेटवर काळी बाहुली बांधणाऱ्या ड्रायव्हरांना ते तोंडावर हसत. वस्तीतल्या पोरांना गोळा करून, मोजल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय काही मानू नका, हे सांगणारे तेच.

"बायजाबाईची," ते म्हणाले. बायजाबाई म्हणजे त्यांची आई, चार वर्षांपूर्वी वारलेली. "गाडी नाल्यात गेली होती, माह्या फासळ्या मोडल्या, तवा तिनं टांगेवाल्याजवळून आणली. लाव म्हणे. मी हसलो. तिनं जेवण सोडलं. दोन दिवस पाण्याचा घोट नाई घेतला बुढीनं." त्यांनी पोतं घडी करून बाजूला ठेवलं. "मंग लावली. कोणाले दिसू नये अशा जागी. निघू नये म्हणून चासीले भोक पाडून बोल्ट पार त्यातून घातला."

"आन मले पत्ता नाई!" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "सहा वर्षं त्याच सीटवर बसून मले सभेले घेऊन जात होते!"

कुंपणाशी हसू फुटलं. रुपरावही ओठ दाबून हसले, मान खाली घालून. श्रीधरनं तोवर पाना लावला होता. बोल्ट गंजून बसला होता. रॉकेल ओतावं लागलं, पान्याला नळी चढवून दोघांनी जोर दिला, तेव्हा तो किंचाळत फिरला. गोपिकेनं वहीत वीस आकडा लिहिला.

"रेघ तिथंच ठेवू?" श्रीधरनं विचारलं. या वेळी आवाज जरा खालचा होता.

"तिथंच."

कुप्पी पुन्हा बोलू लागली. दोर ताणले, पत्रा कुरकुरला, आणि केबिन उठली. चारही कोपऱ्यांनी. बोटभर, वीतभर, हातभर. ती हवेत तरंगू लागली तेव्हा तिचा तळ इतका समतल होता, की गोपिकेनं पत्र्यावर पाण्याची वाटी ठेवली असती तर थेंब सांडला नसता. बाप्ये ओरडले, पोरं नाचली, कुंपणाशी उभ्या त्याच बाईनं बोटं मोडून गोपिकेची दृष्ट काढली. गोपिका स्वतः उड्या मारत होती, आणि ते तिला बऱ्याच उशिरा कळलं.

"ढकला!" ती ओरडली. आठ जणांनी पिकप मागं रेटला. डोकं नसलेली गाडी निमूटपणे तिकाटण्याखालून बाहेर आली. मग केबिन हळूहळू लाकडाच्या ओंडक्यांवर उतरली. तेव्हा दुपारचे बाराही वाजले नव्हते.

श्रीधर चासीवर वाकला. चिंधीनं त्यानं चिखल-ग्रीस पुसलं, आणि त्याचा हात थांबला. गोपिकाही पाहत होती. वरच्या पट्टीत नालेच्या बोल्टाचं छिद्र होतं. भेग त्या छिद्राच्या काठापासून सुरू झाली होती.

रुपराव जवळ आले. त्यांना सांगावं लागलं नाही, तरी त्यांनी विचारलं. "या छिद्रामुळंच?"

खोटं बोलणं तिला जमलं नसतं. त्यांनीच शिकवलं होतं. "हो, बाबा. सगळा ताण छिद्राच्या काठावर येते. तिथूनच फाटली."

श्रीधरनं काढलेली नाल त्यांनी उचलली. हातातल्या हातात त्यांनी ती उलटी-सुलटी केली.

"लावली त्या दिवशी आजी जेवली होती का?" गोपिकेनं विचारलं.

"दोन भाकरी खाल्ल्या," रुपराव म्हणाले. "आन वरून तिखट मागितलं."

श्रीधर वेल्डिंगचं यंत्र आणायला निघाला होता. जाता जाता म्हणाला, "ही नाल टाकू भंगारात?"

"नाही," गोपिका म्हणाली. "डॅशबोर्डाले बांधू. तारेनं. बोल्ट नाही."

"लोकं पाहतील वं," रुपराव म्हणाले.

"आज कोण राहिलं पाहायचं?" प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि भैय्याजीसाठी भाकरी टाकायला आत गेल्या.

रुपरावांनी गोपिकेच्या हातातली वही घेतली. विसाव्या आकड्यापुढची जागा कोरीच होती. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि आपल्या मोठ्या, तुटक अक्षरात लिहिलं: नाल. मग शेजारी खूणही केली.

"सोमवारी तो कन्हानचा माणूस येईन," ते वही परत देत म्हणाले. "त्याले चहा पाजून वापस पाठव. आन बुधवारी उमरेडले माह्या संगं चाल. पाटे कसे बसले ते मोजून पाह्य."