एकोणिसावी तालीम

ग्रंथालयात तिला सगळे तालीमताई म्हणायचे, आणि उगाच म्हणायचे नाहीत. कुठलीही गोष्ट आधी खोटी-खोटी करून पाहिल्याशिवाय बाई ती खरी करायचीच नाही. पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी नवऱ्याला दाराबाहेर उभं करून बेल वाजवायला लावायची. तो बिचारा वाजवायचा. सोळा वर्षांच्या संसारात वाद घालून उपयोग नाही, एवढं तो शिकला होता.

तिच्याकडे ग्रंथालयाचे कॉम्प्युटर. अकरा शाखा, तीनशे चाळीस कॉम्प्युटर, आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारा तळघरातला एक म्हातारा सर्व्हर. त्याचं नाव पडलं होतं आजोबा. कुणी कधी अपडेट व्हायचं, कुणाला आत घ्यायचं, सगळं आजोबा सांगणार. आणि आजोबांची सगळी आठवण त्यांच्या डेटाबेसमध्ये. तो गेला की आजोबा घरच्यांनाही ओळखणार नाहीत.

तीन वर्षांपूर्वी नेमकं तेच झालं होतं. ताईनं त्यांना नवीन आवृत्तीवर न्यायला घेतलं. काम मध्येच रेंगाळल्यासारखं वाटलं, ती घाबरली आणि तिनं 'रद्द करा' दाबलं. डेटाबेसचे तीनतेरा वाजले. बॅकअप उघडायला गेली तर तोही उघडेना. मग काय! दोन महिने बाई शाखा तुडवत होती, एकेका कॉम्प्युटरपुढे बसून 'हे आपले आजोबा' अशी नव्यानं ओळख करून देत होती. ग्रंथालयाच्या प्रमुख, मोठ्या बाई, तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटायचं.

आता आजोबांची आवृत्ती इतकी जुनी झाली होती की बनवणाऱ्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली होती. मोठ्या बाईंनी नव्या आवृत्तीसाठी रविवार ठरवला, सगळ्या शाखांना कळवलं आणि ताईला विचारलं, "जमत नसेल तर आत्ताच सांग. बाहेरचा माणूस बोलावू."

"जमेल," ताई म्हणाली. एकदा बाहेरचा माणूस आला, की आजोबा पुन्हा कधी आपल्या हातात येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आजोबांवर तिचा जीव होता हो!

मग तालमी सुरू झाल्या. अठरा तालमी कागदावर, 'आता हे दाबलं, आता ते दाबलं' असं मोठ्यानं म्हणत. समोर प्रेक्षक म्हणून नवरा. एकोणिसावीसाठी तिनं एका जादा मशीनवर आजोबांची हुबेहूब नक्कल उभी केली. तेच नाव, तोच चेहरा, तोच डेटाबेस. फक्त शाखांकडे जाणारी वायर त्याला नव्हती, म्हणजे त्यानं काही गोंधळ घातला तरी घरातल्या घरात. दोघांचे स्क्रीन टेबलावर शेजारी शेजारी. डावं-उजवं ताईच्या डोक्यात जन्मात बसलं नव्हतं, म्हणून एकावर चिठ्ठी 'आजोबा, हात लावू नका', दुसऱ्यावर 'डुप्लिकेट'.

गुरुवारी दुपारी तालमीआधी तिनं टेबल पुसायला घेतलं. धास्ती वाटली की ती पुसत सुटते. स्क्रीन पुसले, मळक्या चिठ्ठ्या काढल्या, सुवाच्य अक्षरात नव्या लिहून चिकटवल्या आणि डुप्लिकेटपुढे बसली.

झकास चाललं होतं. बॅकअप घेतला. नुसता घेतला नाही, तिसऱ्या मशीनवर उघडून पाहिला आणि तीनशे चाळीस नावं मोजून घेतली. सर्व्हर थांबवला, डेटाबेसचं रूपांतर सुरू केलं. भीतीचा मागमूसही नव्हता. तालमीत कुणाला भीती वाटते?

तेवढ्यात फोन वाजला. सातव्या शाखेची कारकून. "अगं तालीमताई, माझा कॉम्प्युटर म्हणतोय सर्व्हर सापडत नाही. आजोबा गेले कुठे?"

"जातील कुठे? इथंच तर..." ताईचे शब्द तोंडातच राहिले. डुप्लिकेट थांबवला तर सातव्या शाखेला का कळावं?

ती टेबलाखाली वाकली. 'डुप्लिकेट' अशी सुंदर चिठ्ठी लावलेल्या स्क्रीनच्या मशीनमधून जाडजूड निळी वायर निघून भिंतीत गेली होती.

"अगं बाई!"

चिठ्ठ्यांची अदलाबदल तिनं स्वतःच, स्वतःच्या स्वच्छ हातांनी केली होती. स्क्रीनवर बासष्ट टक्के. आकडा हलेना. शेजारीच 'रद्द करा' तिच्याकडे बघत होतं, आणि हात आपोआप माऊसकडे निघाला. तिनं तो मागे ओढला, तालमींचा कागद उचलला. चौदाव्या पायरीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'अडकलं असं वाटेल. काहीही करू नये. चाळीस मिनिटं थांबावं.'

"तासभर दे मला," ती फोनवर म्हणाली. "आजोबा येतायत." मग तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली. सदतिसाव्या मिनिटाला त्रेसष्ट झालं.

तासाभरात नवे आजोबा उठले. एकेक नाव हिरवं होत गेलं, आणि तीनशेचाळिसावं हिरवं झालं तेव्हा बाई चक्क रडली.

मग उठून मोठ्या बाईंकडे गेली आणि चिठ्ठ्यांसकट सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "शाखा चालू आहेत?"

"अकराच्या अकरा."

"मग तोंड कशाला पाडलंयस? पण चिठ्ठ्या यापुढे मी लावणार."

तरी रविवारी ताई आलीच. तालीम राहिली होती ना! खऱ्या डुप्लिकेटपुढे बसून तिनं पहिल्यापासून सगळं केलं. चौदाव्या पायरीवर तो अडकला. ती चाळीस मिनिटं थांबली, आणि एकेचाळिसाव्याला तो आडवा झाला. जादा मशीनची डिस्क लहान पडली होती, तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

हे गुरुवारी पाहिलं असतं, तर आपण आजोबांना जन्मात हात लावला नसता. बाहेरचा माणूस बोलावला असता, आणि तोही आपणच. तिला हसू फुटलं. रिकाम्या तळघरात एकटीच डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग तिनं डुप्लिकेट बंद केला आणि विसावी तालीम न करताच घरी गेली.